हायड्रॉलिक लिफ्टची क्षीणता (ट्रॅक्टर)

ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले अवजार पूर्ण उंचीपर्यंत न उचलले जाणे, सावकाश उचलले जाणे किंवा उचलल्यानंतर आपोआप खाली येणे, या दोषास हायड्रॉलिक लिफ्टची क्षीणता म्हणतात. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हा दोष वारंवार आढळतो. अशा वेळी पंप गेला असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात दोष पंपात असतोच असे नाही.

पार्श्वभूमी

तीन बिंदूंवर अवजार जोडून ते तेलाच्या दाबाने उचलण्याची पद्धत हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली. १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरमुळे तिचा मोठा प्रसार झाला.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके भातशेतीचे आहेत. कर्जत येथे कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्रही आहे. येथील खाचरे लहान असल्याने चिखलणी करताना प्रत्येक बांधापाशी रोटाव्हेटर उचलावा लागतो. रोपे तयार असताना लिफ्ट बसली, तर ऐन पावसात लावणी खोळंबते.

लक्षणे व निदान

लिफ्टमध्ये पंप तेलास दाब देतो, नियंत्रण व्हॉल्व्ह ते सिलिंडरकडे सोडतो आणि पिस्टन उचल-भुजा वर ढकलतो. बिघाड यांपैकी कोठे आहे, हे लक्षणांवरून बरेचसे कळते.

इंजिन थंड असताना अवजार नीट उचलले जाते, परंतु तेल तापल्यावर जोर कमी होतो, तेव्हा पंपाची किंवा व्हॉल्व्हची अंतर्गत झीज संभवते. तापलेले पातळ तेल वाढलेल्या फटींतून निसटते. इंजिन बंद केल्यावर अवजार झपाट्याने खाली येत असेल, तर पंपापेक्षा सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह यांवर संशय घ्यावा. अवजार वर राहूनही हिसके देत असल्यास तेल गळून पुन्हा भरले जात असते. तेलात फेस येणे हे शोषणाच्या बाजूने हवा शिरत असल्याचे लक्षण होय. तेल दुधाळ दिसत असल्यास त्यात पाणी मिसळले आहे. चिखलणीच्या हंगामात ही शक्यता प्रथम ध्यानात घ्यावी.

कधीकधी लिफ्ट निर्दोष असते आणि अवजारच जड असते. रोटाव्हेटरला चिकटलेला चिखलही वजन वाढवतो. अवजाराचे वजन जितके मागे, तितका लिफ्टवरील भार अधिक. रिकामी लिफ्ट सहज उठत असेल, तर हा विचार अवश्य करावा.

तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, उचल-भुजा खाली सोडून तेलाची पातळी पाहावी. भुजा वर असताना काही तेल सिलिंडरमध्ये राहते व पातळी कमी भासते. त्यानंतर गाळणी स्वच्छ करावी व लीव्हरचे सांधे तपासावेत. फर्ग्युसन पद्धतीच्या कित्येक जुन्या ट्रॅक्टरांत पंप पीटीओच्या दांड्यावर चालतो, त्यामुळे पीटीओचा लीव्हर सुटला असल्यास लिफ्ट मुळीच उचलत नाही. एवढ्या साध्या कारणासाठी ट्रॅक्टर गॅरेजपर्यंत नेला जाऊ शकतो! हे सर्व ठीक असेल, तरच दाबमापक लावून पंप व रिलीफ व्हॉल्व्ह तपासावेत.

जोर वाढावा म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालणे धोक्याचे आहे. दाब मर्यादेबाहेर गेल्यास पंप किंवा नळी फुटू शकते. उचललेल्या अवजाराखाली भक्कम ओंडके लावल्याशिवाय हात घालू नये. गळती बोटाने चाचपू नये, कारण दाबाखालील तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते; अशा जखमेवर, ती किरकोळ दिसली तरी, तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात.