चिंच, राख आणि रिठा

१६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे शहाजीराजांची जहागीर झाले. हा इतिहास सर्वश्रुत आहे. मात्र तेथे वसलेल्या मराठी व शेजारच्या कानडी घरांतील भांडी कशाने घासली जात, हे इतिहासकार क्वचितच विचारतो.

चुलीची राख, चिंचेचा कोळ आणि रिठ्याचे पाणी हीच त्या घरांची साधने. चिंचेतील आम्ल तांब्यापितळेवरील काळसर थर विरघळविते. राखेतील क्षार तेलकटपणा काढतो. रिठ्याचा सौम्य फेस रेशीम जपतो.

पहिल्या महायुद्धात म्हैसूरच्या चंदनाची युरोपची वाट अडली. १९१६ मध्ये बंगळुरात चंदनतेल काढण्यास आरंभ झाला आणि त्याच उद्योगातून सरकारी साबण कारखाना उभा राहिला. ही शास्त्राची मोठी कामगिरी होती, यात संशय नाही. परंतु तेल व क्षार यांचा जो संयोग तेथे मोठ्या प्रमाणावर घडविला गेला, त्याचाच अल्पसा प्रयोग तेलकट कढईवर राख घासणारी गृहिणी नित्य करीत आली होती. कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष नोंदले गेले. तिच्या ज्ञानाची नोंद तेवढी राहून गेली.