पूररेषा व नदीकाठची घरबांधणी

पूररेषा व नदीकाठची घरबांधणी : नदीच्या पुराचे पाणी काठावर जेथवर चढू शकते, ती मर्यादा दाखविणाऱ्या नकाशावरील रेषेस पूररेषा म्हणतात. महाराष्ट्रात अशा दोन रेषा मानल्या जातात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा प्रस्थापित पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो अधिक असेल त्याची पातळी निळी रेषा दाखविते. लाल रेषा सामान्यतः शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध आणि दोन रेषांमधील पट्टा नियंत्रित समजतात. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये ही विभागणी विहित केली. रेषा आखण्याचे काम जलविज्ञानाचे, परंतु तिचा अंमल होतो तो नगररचनेच्या नियमांतून. या दोहोंची सांगड किती सैल राहू शकते, हे पुणे शहराच्या उदाहरणावरून चांगले समजते.

पुण्याच्या जुन्या पेठा मुठेच्या उजव्या तीरावर वाढल्या. शहरास व लष्कराच्या छावणीस पाणी मिळावे आणि शेतीस कालवे काढता यावेत, यासाठी खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. पुढे वरच्या अंगास पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे झाली. या धरणांमुळे लहानसहान पूर अडले, वर्षातील बहुतेक महिने मुठेचे पात्र कोरडे दिसू लागले आणि काठची जमीन मोकळी, जणू कोणाचीच नसलेली, भासू लागली. वास्तविक धरणांनी पूर नाहीसा केला नव्हता. तो क्वचित, पण एकदम येणारा केला होता. साखळीतील शेवटच्या खडकवासला धरणाची साठवणक्षमता सुमारे दोन अब्ज घनफूट, म्हणजे पानशेतच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. त्यामुळे वरची धरणे भरल्यावर किंवा मधल्या पाणलोटात जोराचा पाऊस झाल्यावर आलेले पाणी तेथे फार काळ थोपवून धरता येत नाही. शिवाय संगमापाशी मुळेलाही पूर असला, तर मुठेचे पाणी तुंबून मागे चढते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण सकाळी फुटले व त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याचे धरणही फुटले. नारायण, शनिवार आदी पेठांतील नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाली. पूरग्रस्तांचे पुनर्वसन गोखलेनगर, सहकारनगर अशा नदीपासून दूरच्या भागांत करण्यात आले. धरणफुटीचा हा पूर वारंवारितेच्या गणितात बसणारा नव्हता. बहुधा त्यामुळेच तो पुन्हा न घडणारा अपघात म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला, आणि सोडलेल्या काठावर हळूहळू पुन्हा घरे उभी राहिली.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याप्रमाणे शहराच्या विकास योजनेची सुधारणा निदान वीस वर्षांतून एकदा व्हावयास हवी. पुण्याची सुधारित योजना जानेवारी १९८७ मध्ये मंजूर झाली. पूररेषांची विभागणी त्यानंतर दोन वर्षांनी आली. त्यानंतरची योजना जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी मंजूर झाली. शहराची मोठी वाढ झाली ती याच मधल्या काळात. १९९७ मध्ये भोवतालची अनेक गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली आणि सिंहगड रस्त्यालगत मुठेच्या काठाने इमारतींची रांग उभी राहिली. खुद्द सार्वजनिक बांधकामेही पात्रात उतरली. विठ्ठलवाडीजवळ पात्रातून काढलेल्या रस्त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये निर्णय दिला.

डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने हे नियम मुंबई व काही अन्य क्षेत्रे वगळता राज्यभर एकसारखे केले. निळ्या रेषेच्या आत उद्याने, मोकळी मैदाने, वाहनतळ, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र अशा उपयोगांखेरीज बांधकाम करता येत नाही. मात्र तेथील जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासास, जोते लाल रेषेच्या पातळीहून निदान ०.४५ मी. उंच ठेवण्याच्या आणि पाटबंधारे खात्याच्या ना हरकत प्रमाणपत्राच्या अटीवर परवानगी मिळू शकते. नियंत्रित पट्ट्यातील नव्या इमारतींनाही उंचीची हीच अट आहे. भूखंडाचा काही भाग पूररेषेत येत असल्यास त्या भागाचे चटई क्षेत्र उरलेल्या जागेवर वापरता येते. जमीनमालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्य आहे. पण तिच्यामुळे रेषेला अगदी लागून असलेल्या जमिनीवरच वस्ती अधिक दाट होते. एकूण रोख स्पष्ट आहे : जागेवरील बंदीची जागा उंचीच्या अटीने घेतली. उंच जोत्यामुळे घरात पाणी शिरत नाही. परंतु रस्ता, वीजपुरवठा व बाहेर पडण्याची वाट ही पाण्यातच राहतात आणि जोत्यासाठी टाकलेल्या भरावाइतके पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सरकते.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही गैरसमज होतो. असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता चार टक्के असते. तीस वर्षांच्या वास्तव्यात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के भरते. एवढ्या मुदतीचे तर गृहकर्जही असू शकते.

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सेकंदास सुमारे ३५,००० घनफूट पाणी सोडले गेले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत तळमजले बुडाले व रहिवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. त्याच पहाटे डेक्कन परिसरातील पुलाची वाडी येथे पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. निळ्या रेषेतील जुन्या इमारतींच्या रहिवाशांची कोंडी यातून पुढे आली. पुनर्विकासाखेरीज घर उंच होत नाही. अधिकृततेचे कागद नसतील तर पुनर्विकास होत नाही. आणि दर पावसाळ्यात बुडणारे घर विकून दुसरीकडे जाण्याइतकी किंमत कोणी देत नाही. शहरातील सुमारे ४४ किमी. नदीकाठाच्या सुधारणेचा जो प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, त्यावरील मुख्य आक्षेपही हाच आहे, की भराव व बांध यांमुळे पात्राची रुंदी घटली, तर जुन्या मोजणीवर आखलेल्या रेषा निरुपयोगी ठरतील.