उलटा डोंगर

उन्हाळ्याची सुटी लागली आणि भारतातून आईवडील आले, की आपल्या मंडळींच्या गाड्या ग्रँड कॅन्यनच्या वाटेला लागतात. आम्हीही असेच गेलो होतो. यावापाय पॉइंटच्या कठड्याशी उभे राहून बाबांनी खाली बोट दाखवले. "ती बघ नदी. दोन-तीन तासांत जाऊन येऊ. सिंहगड काय कमी वेळा चढलोय?" आम्ही चौघे आणि पाण्याची बाटली एक! ब्राइट एंजल नावाच्या पायवाटेने थोडे उतरलो, तोच एका स्वयंसेवक बाईंनी हसून थांबवले. कुठे निघालात, पाणी किती आहे, खायला काय घेतलेत? तीन प्रश्नांत आमची मोहीम आटोपली. बाबा जरा घुश्श्यातच परतले. त्या बाई तिथे का उभ्या होत्या, हे मला पुढे वाचनातून कळले.

या दरीने डोळ्यांना फसवल्याची पहिली लेखी नोंद 1540 सालची आहे. होपी वाटाड्यांच्या मदतीने गार्सिया लोपेस दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार आपल्या माणसांसह दक्षिण कड्यावर पोचला. वरून नदी अगदी अरुंद दिसत होती. तीन चपळ गडी खाली उतरायला निघाले आणि दुपारी चारच्या सुमारास परत आले. एक तृतीयांश उतारच त्यांना जमला होता. वरून माणसाएवढे वाटणारे खडक प्रत्यक्षात सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच आहेत, असे त्यांनी सांगितले. पाण्यावाचून त्या तुकडीला माघारी फिरावे लागले.

त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे इथवर पोचणे हेच मुळात कठीण होते. 1901 मध्ये रेल्वे थेट कड्यापर्यंत आली, 1905 मध्ये एल तोवार हे मोठे हॉटेल उघडले, 1919 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. प्रवास सोपा झाला. दरी मात्र होती तेवढीच अवघड राहिली. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब हे छायाचित्रकार भाऊ खेचरांवरून उतरणाऱ्या पर्यटकांचे फोटो काढीत. पण फोटो धुवायला कड्यावर पुरेसे पाणी नव्हते. मग एमरी साडेचार मैल खाली झऱ्यापर्यंत पळत जाई, तिथे फोटो धुई आणि पर्यटक परतायच्या आत तीन हजार फूट चढून वर हजर होई! त्या जागेला तेव्हा इंडियन गार्डन म्हणत. मूळच्या हवासुपाई रहिवाशांच्या आठवणीसाठी 2022 मध्ये तिचे नाव हवासुपाई गार्डन्स झाले.

एमरीला ते जमे, कारण ती त्याची रोजची वाट होती. आपले गणित चुकते ते वेगळ्या कारणाने. सिंहगडावर आधी चढ लागतो. दमलो की मागे फिरायचे, पुढे सगळा उतारच असतो. इथे सगळे उलटे. ताज्या पायांनी उतरायचे आणि थकल्यावर चढायचे. दक्षिण कडा सुमारे 7,000 फुटांवर, नदी सुमारे 2,400 फुटांवर. जसजसे उतरावे तसतसा उष्मा वाढत जातो. कड्यापेक्षा तळाशी साधारण 20 अंश फॅरनहाइट अधिक तापते. उन्हाळ्यात तिथे पारा सहज शंभरापलीकडे जातो. वर मात्र झुळूक असते आणि आपण बेसावध राहतो.

1996 च्या उन्हाळ्यात उष्म्याने या पायवाटांवर अनेक बळी घेतले. तोवरची पद्धत अशी, की माणूस कोसळला की सुटकेला धावायचे. 1997 पासून उद्यानाने ती बदलली. रेंजर आणि स्वयंसेवक वाटेवरच उभे राहून संकटाआधी लोकांशी बोलू लागले. आमच्या त्या बाई त्याच परंपरेतल्या.

कड्याचीही गोष्ट तशीच. कठडे आहेत ते ठरावीक पॉइंटांवर. मैलोन् मैल कडा उघडाच आहे. 1992 मध्ये एका पर्यटकाने मुलीची थट्टा करायला पडल्याचे सोंग केले. खालच्या खडकावर पाय निसटला आणि तो खरोखरच दरीत गेला. वारा नव्हता, वादळ नव्हते. होती ती फक्त गंमत.

तेव्हा मंडळी, जरूर जा. फोटोसाठी पाठ करून मागे सरकू नका, मुलांचा हात सोडू नका. उन्हाळ्यात सकाळी दहा ते चार दरीत चालू नका आणि नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परतायचा हट्ट धरू नका. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. नुसते पाणीच पीत राहिल्याने शरीरातले मीठ कमी होऊन माणूस आजारी पडतो, म्हणून खारे काही खात राहा. आपला चिवडा इथे खरा कामाला येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांना घेऊन त्याच वाटेने अर्धा तास उतरलो. वर यायला तासाहून जास्त लागला. वर पोचल्यावर बाबा बाकावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्या बाईंना काल धन्यवाद म्हणायचं राहिलं रे."