गर्द, येरवडा आणि आपली मुलं

अहमदी, फहाहील, मंगफच्या समस्त आई-बाबांनो, आज थोडा इतिहास. पोस्ट जरा लांब आहे, पण पूर्ण वाचा.

१८९८ साली बायर या जर्मन कंपनीने हेरॉइन बाजारात आणलं ते चक्क खोकल्याचं औषध म्हणून! सवय लागते हे कळायला काही वर्षं गेली. १९८०च्या दशकात त्याचाच अशुद्ध, स्वस्त प्रकार मुंबई-पुण्यात पसरला. लोक त्याला ब्राऊन शुगर किंवा गर्द म्हणायचे. चांदीवर ओढायची ही भुरकट पावडर चांगल्या घरातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलांपर्यंत पोचली. अमली पदार्थांचा कडक कायदा १९८५ साली आला. पण नुसत्या कायद्याने प्रश्न सुटणार नव्हता.

अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून लिहिलं, त्याचं ‘गर्द’ हे पुस्तक झालं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांनी एक लाख रुपये दिले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. तिथल्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं: व्यसन हा आजार आहे. म्हणून मारझोड नाही, अपमान नाही. आधी शरीरातलं विष उतरवायचं, मग समुपदेशन, गटात बोलणं, काम, योग. बरे झालेलेच पुढे समुपदेशक झाले. बायकांसाठी ‘सहचरी’ गट निघाला, कारण एकाच्या व्यसनात अख्खं घर आजारी पडतं. १९९७ साली मॅडम गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेतेय.

आता आपल्याकडे या. आपली मुलं बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या होस्टेलवर जातात आणि आपण त्यांना फक्त व्हिडिओ कॉलवर बघतो. मग ओळखायचं कसं? पैसे सारखे कमी पडतात, हिशेब जुळत नाही. जुने मित्र सुटतात. झोपेची वेळ उलटी होते, वजन उतरतं, कॉल टाळले जातात. सुट्टीत घरी आल्यावर एक-दोन दिवसांत नाक गळणं, अंगदुखी, जुलाब, चिडचिड. आपण म्हणतो, हवा बदलली. गर्दवाल्यांच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात: माल न मिळाल्याचा त्रास. यातलं एखादंच लक्षण दिसलं म्हणून मुलाला चोर ठरवू नका. पण चार-पाच एकत्र दिसली तर डोळेझाकही नको.

शपथा घालून, लग्न लावून, पासपोर्ट काढून घेऊन व्यसन सुटत नाही. शांतपणे विचारा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. मूल यायला तयार नसेल तर आधी आपण एकटे जाऊन सल्ला घ्या. भारतात सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला, माल थोडाच असेल तर, भारतीय कायदाही खटल्यापासून सूट देतो.

आणि ‘लोक काय म्हणतील’? १९८६ साली येरवड्याच्या ‘वेड्यांच्या इस्पितळात’ मुलाला घेऊन जाणाऱ्या आईनेही ते ऐकलंच असेल. तरी ती गेली. आपणही जाऊ शकतो.