बराअत झालेल्यांना आसरा कोणाचा?

वऱ्हाडातल्या बाजारपेठांत बोहरा माणूस आपल्या परिचयाचा असतो तो दुकानापुरता. हार्डवेअर, काच, रंग. चोख हिशेब आणि डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी. आमच्या वाशिम-कारंजाकडच्या सुन्नी मोहल्ल्यांत त्याच्या जमातीची फारशी चौकशी कोणी करीत नाही. त्यामुळे दाऊदी बोहरा सुधारकांचा इतिहास मराठी मुस्लिम वाचकाला अर्धाच ठाऊक आहे. असगर अली इंजिनिअर हे नाव आपण ऐकलेले असते. पण जमातीबाहेर टाकलेल्या सामान्य कुटुंबांना सांभाळले कोणी, हा भाग राहून जातो.

बोहरा मूल वयात आले की दाई-ए-मुतलक, म्हणजे सय्यदना, यांच्याशी निष्ठेची शपथ घेते. तिला मीसाक म्हणतात. निकाहसारख्या गोष्टीलाही 'रझा' लागते. विरोधात गेलेल्याशी 'बराअत' केली जाते, म्हणजे संबंध तोडले जातात. (उर्दू लिहिताना आमची मुले याचे हमखास 'बारात' करतात. अर्थ नेमका उलटा. एकात सारा गाव जमतो, दुसऱ्यात सख्खा भाऊही येत नाही.) हे सारे केवळ भीतीवर टिकले आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. बिनव्याजी कर्जे-हसना, घरपोच जेवणाचा डबा, व्यापारातली ओळख, एवढा आधार आपल्या किती मोहल्ल्यांत आहे? पण हा सगळा आधार एकाच ठिकाणाहून येत असल्याने बाहेर पडणाऱ्याचे सगळे एकदम जाते. व्यापार, सोयरीक, शेवटी कब्रस्तानही.

कायद्याने काय साधले? बुऱ्हाणपूरच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली निकाल दिला की दाईंना बहिष्काराचा अधिकार आहे, पण तो मनमानीने वापरता येणार नाही. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केला. आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबई प्रांतात नव्हताच. सय्यदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द झाला. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हा यांचे होते.

खरे काम झाले ते उदयपूरला. १९७० च्या नगरपालिका निवडणुकीत तिथल्या बोहरा तरुणांनी धर्मगुरूंच्या पसंतीच्या उमेदवारांविरुद्ध आपली माणसे उभी केली आणि निवडून आणली. पुढे वाद चिघळला व १९७३ पासून बहिष्कार पडला. घरेच्या घरे दुभंगली; मुलगी सासरी सुधारकांत, माहेर सय्यदनांच्या बाजूला, असे झाले. लक्षात घेण्यासारखे हे की या मंडळींनी धर्म सोडला नव्हता. दाईंचे धार्मिक स्थानही ते मानत होते. ऐहिक व्यवहारातली सत्ता आणि जमातीच्या पैशाचा हिशेब, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी नुसती पत्रके काढली नाहीत. आपले निकाह आपण लावले, सामुदायिक विवाह केले, सहकारी बँक उभी केली. ज्याचे व्यापारातले दार बंद झाले त्याला कर्ज मिळण्याची सोय झाली. आमच्या मते त्या काळातल्या सर्व भाषणांपेक्षा ही बँक मोठी.

१९७७ मध्ये सुधारकांचे सेंट्रल बोर्ड झाले. मुंबई महापालिकेत अभियंता असलेले असगर अली त्यात पुढे होते. त्याच वर्षी 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' या जयप्रकाशजींच्या संघटनेने न्या. नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. एकटे पडलेल्या माणसांचे म्हणणे जमातीबाहेरच्या कोणी तरी बसून ऐकले आणि १९७९ च्या अहवालात बहिष्काराच्या तक्रारी खऱ्या ठरल्या. हाही एक आसराच होता. असगर अलींना मात्र त्याची किंमत शेवटपर्यंत मोजावी लागली. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांच्या मुंबईतील घराची तोडफोड झाली. २०१३ साली ते वारले.

बोर्डाची १९८६ ची याचिका १० फेब्रुवारी २०२३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवण्यात आली. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. हा कायदा आला तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचामुळे, पण तो सर्व धर्मांच्या जमातींना लागू आहे.

तक्रार नोंदवता येते, खटलाही उभा राहतो. मयत मात्र त्याच दिवशी दफन करावी लागते. तालुक्याच्या गावात अशा एखाद्या कुटुंबात कोणी वारले, तर कब्रस्तान कमिटीच्या विश्वस्तांनी काय करायचे, हे मंगरूळपीर, रिसोड, कारंजा इथे कोणी आधी बसून ठरवले आहे काय? आमच्या शाळेच्या गावात तरी असा ठराव आम्ही पाहिलेला नाही.