न्यूझीलंडची रेल्वे : गेज एक, वाट खंडित

रेल्वेच्या दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे गेज. दोन मार्गांचे गेज वेगळे असले, की माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागतो. ब्रॉडगेज, मीटरगेज व नॅरोगेज एकत्र येणाऱ्या मिरज जंक्शनने हा व्याप दीर्घकाळ अनुभवला. न्यूझीलंडला भूसीमा नाही. तरीही हा प्रश्न त्याला चुकला नाही.

प्रारंभी येथील प्रांतांनी आपापल्या मर्जीने रूळ टाकले. १८६३ मध्ये कँटरबरी प्रांताने क्राइस्टचर्च ते फेरीमीड हा मार्ग ५ फूट ३ इंच गेजवर सुरू केला; साउथलंडने इन्व्हरकार्गिल ते ब्लफ मार्गासाठी ४ फूट ८½ इंच गेज निवडले. १८७० मध्ये ज्यूलियस व्होगेल यांनी कर्ज काढून देशभर लोहमार्ग बांधण्याची योजना मांडली. डोंगराळ प्रदेश, विरळ वस्ती आणि मर्यादित पैसा यांमुळे ३ फूट ६ इंच, म्हणजे १,०६७ मिलिमीटर, हे गेज ठरले. अरुंद मार्गावर वळणे अधिक तीव्र ठेवता येतात व बांधकामाचा खर्च घटतो. पुढे जुने मार्गही या गेजवर आणले गेले. कँटरबरीची इंजिने समान गेज असलेल्या साउथ ऑस्ट्रेलियाला विकण्यात आली.

जपान, दक्षिण आफ्रिका, क्वीन्सलंड व वेस्टर्न ऑस्ट्रेलिया येथेही १,०६७ मिलिमीटरचे जाळे आहे. त्यामुळे १९९३ मध्ये पर्थच्या जुन्या डिझेल गाड्या ऑकलंडला उपयोगी पडल्या. मात्र गेज हीच एकमेव अट नसते. डब्याची उंची-रुंदी बोगद्यांत मावावी लागते. ब्रिटनचे गेज १,४३५ मिलिमीटर असूनही तेथील आटोपशीर ‘मार्क २’ डबे चाकांचे सांगाडे, म्हणजे बोगी, बदलून न्यूझीलंडमध्ये धावले.

उत्तर व दक्षिण बेटांमध्ये कुकची सामुद्रधुनी आहे. १९६२ मध्ये ‘आरामोआना’ जहाज सुरू झाल्यापासून मालडबे थेट जहाजावर चढवून पलीकडच्या रुळांवर नेता येत. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘आराटेरे’ हे रूळ असलेले अखेरचे जहाज निवृत्त झाले. आता रेल्वेचा माल बंदरात उतरवून रस्त्याच्या वाहनांवरून जहाजात न्यावा लागतो. रूळ असलेली नवी जहाजे २०२९ मध्ये आणण्याचे नियोजन आहे. तोवर दोन्ही किनाऱ्यांवर एकच गेज असूनही मिरजेसारखी चढउतार अटळ आहे.