कान झाकणाऱ्यांसाठी गाणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रत्येक आळीत असे एखादे तरी मूल सापडते. बाकीची मुले लवंगी फटाक्यांची माळ उलगडीत असतात, आणि हे मात्र दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबून माजघराच्या कोपऱ्यात उभे असते. मोठी माणसे हसतात, ‘भागूबाई’ म्हणतात आणि फराळाकडे वळतात.

आमच्या घरीही असे एक मूल होते. एकदा फटाक्यांना घाबरले म्हणून त्याला आत नेले आणि त्याचे मन रमावे म्हणून कोणीतरी मोठ्याने सनई लावली. मूल अधिकच रडू लागले. तेव्हा त्याच्या आजीने सनई बंद केली, दिव्याची वात सारखी केली आणि काम करता करता ती एक ओवी गुणगुणू लागली. थोड्या वेळाने पोराचे हात कानांवरून आपोआप खाली आले. मंगल वाद्य रडवते आणि साधे गुणगुणणे निववते, हे कसे? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव वाचकांना परिचित आहे. क्रायमियाच्या युद्धात, १८५४ साली, ही बाई स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा आरोग्यविषयक पत्रव्यवहार झाला. म्हणजे आपल्याला ती अगदीच परकी नव्हे. १८६० च्या सुमारास तिचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात एक संपूर्ण प्रकरण आवाजावर आहे. रोग्याला छळतो तो केवळ मोठा आवाज नव्हे, असे तिचे निरीक्षण होते. अवचित होणारा आवाज, खोलीच्या दाराशी चाललेली कुजबूज, रेशमी झग्याची सळसळ, करकरणारा जोडा, किल्ल्यांचा खुळखुळाट हे त्याला अधिक लागते. कारण त्याचे मन त्या आवाजाची वाट पाहत ताणलेले राहते.

संगीताविषयी तर तिने मोठा मार्मिक भेद केला आहे. ज्याचा स्वर अखंड वाहतो ते, म्हणजे मनुष्याचा कंठ, फुंकून वाजवायची वाद्ये आणि स्वर लांबवू शकणारी तंतुवाद्ये, रोग्याला बहुधा हितकर ठरते. पियानोचा स्वर तुटक. म्हणून तो उत्तम वाजविला तरी अपायकारक. उलट रस्त्यावरच्या दांडा फिरवून वाजवायच्या पेटीवरचे एखादे ओळखीचे गीतसुद्धा रोग्याला निववते! आजीच्या ओवीचे मर्म हेच नसेल काय? आपल्या तंबोऱ्याची तार छेडूनच वाजते हे खरे. पण एका तारेचा नाद विरण्याआधी दुसरी बोलते, आणि त्या अखंड झंकारात कानाला धक्का असा बसतच नाही.

तथापि, रुग्णालयात संगीत आणावयाचे तर खर्च फार, ही अडचण तिनेच नमूद केली होती. ती दूर करण्याचा एक प्रयत्न १८९१ साली लंडनमध्ये झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील पाद्री फ्रेडरिक हारफर्ड यांनी संत सिसिलियाच्या नावाने एक मंडळ काढले. डॉक्टरांनी बोलाविले की गायक-वादकांनी जावे, आणि हळुवार कंठाने व स्वर दबविलेल्या व्हायोलिनवर रोग्यांना निववावे, अशी ती योजना होती. नाइटिंगेलबाईंचा तिला पाठिंबा होता. पण पैसा अपुरा पडला, हारफर्डांची प्रकृती ढासळली आणि मंडळ फार दिवस टिकले नाही.

कान झाकणाऱ्या मुलांकडे वैद्यकाचे लक्ष जाण्यास मात्र १९४३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी ११ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आज ज्याला आपण स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो, त्याचे ते पहिल्या वर्णनांपैकी एक. ही मुले मोठ्या आवाजाने भेदरत. पण त्यांतलाच एक मुलगा दीड वर्षाचा असताना अठरा सिंफनी वेगवेगळ्या ओळखी, असे त्याच्या आईने सांगितले होते. कॅनर यांनी आणखी एक गोष्ट टिपली: ज्या आवाजाला मूल भिते, तेवढाच आवाज ते स्वतः आनंदाने करते. म्हणजे वैर आवाजाशी नव्हे. वैर आहे ते आपल्या हाती नसलेल्या आवाजाशी. ही संवेदनशीलता स्वमग्नतेच्या लक्षणांच्या अमेरिकन मानसोपचार-सूचीत अधिकृतपणे नोंदली गेली ती २०१३ साली, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी.

येथे इतिहास एक गंमत करतो. १९५९ साली इंग्लंडमधील सनफील्ड येथील मुलांच्या संस्थेत पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी अशा मुलांसाठी संगीताचे काम आरंभिले. नॉर्डॉफ यांचे वाद्य कोणते? पियानो! नाइटिंगेलने वर्ज्य ठरविलेला तोच पियानो. पण नॉर्डॉफ आधी मुलाकडे पाहत. ते रडले तर त्या रडण्याचा स्वर धरीत, ते डोलले तर त्या डोलण्याची लय धरीत, आणि मुलाच्या मागून गाणे नेत. तेव्हा नियम वाद्याचा नव्हे, ऐकणाऱ्याचा.

म्हणून गृहिणींनो आणि गृहस्थहो, यंदा घरात असे मूल असेल, किंवा आजारातून उठलेले एखादे वडीलधारे माणूस असेल, तर गाणे निवडताना त्यालाच विचारा. बोलता येत नसेल तर त्याचे हात पाहा. एकच कंठ किंवा एकच वाद्य, संथ लय, ओळखीची चाल आणि मध्येच न उसळणारा स्वर येथून आरंभ करावा. आवाज कमीअधिक करण्याची कळ त्याच्या हाती द्यावी, आणि उठून जायची वाट मोकळी ठेवावी. कोणाला तंबोरा रुचेल, कोणाला बासरीचा वरचा स्वर टोचेल, आणि कोणाला काहीच नको असेल; तेही ऐकून घ्यावे.

आमचा तो कान झाकणारा मुलगा आता मोठा झाला आहे. दिवाळीच्या संध्याकाळी तो अजूनही माजघरातच बसतो. फरक एवढाच, की आता घरातले आम्ही चौघेही फटाके सोडून त्याच्याजवळ येऊन बसतो, आणि ओवी तो सुरू करतो.